जाते, चरक आणि नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पदार्थ बारीक करणाऱ्या यंत्रांचा पाठ आला की मी वर्गात पहिला प्रश्न जात्याचाच विचारतो. दगडाच्या दोन गोल चकत्या, खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या चकतीच्या तोंडात घास घालायचा आणि खुंटा धरून फिरवायचे. दाणा मध्यापासून कडेकडे सरकत जातो. सरकता सरकता त्याला मिळणारी जागा कमी होत जाते, म्हणून तो आधी भरडला जातो, मग दळला जातो, आणि शेवटी पीठ होऊन कडेने बाहेर पडतो. दगड आणि खनिजे यांची भुकटी करणारी जी तबकड्यांची गिरणी प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत असते, ती ह्या जात्याचीच नात म्हणायला हरकत नाही. आजीचा दगड जाऊन तेथे कठीण बिडाच्या तबकड्या आल्या, मनगट जाऊन पट्टा किंवा मोटर आली, आडव्या चकत्या बहुधा उभ्या झाल्या, आणि दोन तबकड्यांमधले अंतर कमीजास्त करायला एक स्क्रू आला. मोठा धोंडा मात्र तिला झेपत नाही. तो आधी जबड्यासारख्या यंत्रात फोडून घ्यावा लागतो. हे जबड्याचे यंत्र कनेक्टिकटच्या इली व्हिटनी ब्लेक याने रस्त्यासाठी खडी फोडण्याच्या गरजेतून काढले आणि 1858 साली त्याचे पेटंट घेतले.

ह्या सगळ्या यंत्रांचा जीव एकाच गोष्टीत असतो. ती गोष्ट म्हणजे दोन भागांमधली फट. फट मोठी राहिली तर माल तसाच निसटतो, लहान झाली तर यंत्र तापते, अडते, नाहीतर तबकडी तबकडीलाच खाते. फट सर्वत्र सारखी राहावी म्हणून आस सरळ हवा, बेअरिंग घट्ट हवे, ओतकाम निर्दोष हवे, आणि झिजणारा भाग बदलता आला पाहिजे. पुस्तकात हे चार ओळींत येते, पण ओतशाळेत ते साधायला माणसाचे अर्धे आयुष्य खर्ची पडते. असे आयुष्य ज्यांनी खर्ची घातले आणि तेही आपल्या बेळगावपासून सुरुवात करून, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना फक्त नांगरामुळे असते. मला मात्र त्यांची कडबा कापणारी, ऊस पिळणारी आणि शेंगा फोडणारी यंत्रे अधिक शिकण्याजोगी वाटतात, कारण ती सगळी फटीचीच यंत्रे आहेत.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. घराणे मराठी बोलणारे, भोवतालचा मुलूख कानडी. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने चार बुके शिकून सरकारी कचेरीत चिकटावे, अशी त्या काळच्या कोणत्याही बापाची अपेक्षा, आणि ह्या मुलाचे लक्ष मात्र पाठांतराकडे नव्हते. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे काढणे आणि कसलीही कळ, पेच, चाक खोलून पाहणे. वडिलांच्या मनात नसताना 1885 साली हा मुलगा मुंबईला जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पैशाची सोय थोरले बंधू रामूअण्णा यांनी केली. चरित्रलेखक ह्या रामूअण्णांना एका वाक्यात आटोपतात, हे मला कधीच पटलेले नाही. पुढच्या सगळ्या हकिगतीत पैसे, हिशेब, माणसांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था ह्यांचा भार ज्या खांद्यांवर पडला त्यांपैकी पहिला खांदा त्यांचा होता.

कलाशाळेत दोन वर्षे गेली आणि एक विलक्षण अडचण उभी राहिली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत, असे ध्यानात आले. चित्रकाराला ह्याहून मोठा आघात कोणता? येथे थोडे विषयांतर करतो. मी मूळचा निर्मलचा. निर्मल पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, 2016 पासून तेलंगणातील स्वतंत्र जिल्हा आहे. आमच्या गावची लाकडी खेळणी आणि चित्रे प्रसिद्ध आहेत. हलक्या लाकडाची फळे, पक्षी, हरणे करायची, चिंचोक्याची खळ आणि पांढरी माती ह्यांनी अंग गुळगुळीत करायचे, आणि वर रंग चढवायचे. जुन्या काळी हे रंग वनस्पतींपासून आणि रंगीत खनिजांपासून करीत. खनिजाचा रंग म्हणजे दगडच तो, त्याची जितकी बारीक पूड तितका रंग अंगाला धरतो. भरड राहिली तर खरखरीत लागते आणि पोपडा सुटतो. सांगायचा मुद्दा असा की रंगाच्या धंद्यातही आधी दळण आहे आणि मग डोळा. लक्ष्मणरावांचा डोळा रंगांना नाकबूल झाला, पण रेषेला तो पूर्वीइतकाच पक्का राहिला. त्यांनी रंग सोडले आणि त्याच संस्थेत यंत्रांचे आरेखन शिकायला सुरुवात केली.

आरेखन पुरे झाल्यावर मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यंत्रारेखनाच्या साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. पगार महिना 45 रुपये. 1887 साली निघालेली ही संस्था तेव्हा अगदी नवी होती. (व्ही.जे.टी.आय. ही अक्षरे आजही तीच आहेत, मात्र 1997 पासून त्यांतली पहिली दोन वीरमाता जिजाबाईंची झाली.) शिकवणे संपले की हा शिक्षक यंत्रशाळेत जाऊन बसे. फळ्यावर जो दंतचक्राचा काप काढायचा तो लेथवर कसा कापला जातो, साच्यात लोखंड ओतताना कुठे बुडबुडा अडकतो, वाफेच्या इंजिनाची झडप कधी उघडते, हे हाताने करून पाहायचे. आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनी ह्या तपशिलापाशी थोडे थांबावे. आरेखनाचा शिक्षक यंत्रशाळेत काळे हात करून घेतो, हे त्या काळी प्रतिष्ठेचे लक्षण नव्हते, आणि आजही सगळीकडे आहे असे म्हणवत नाही.

बढतीची वेळ आली तेव्हा जागा लक्ष्मणरावांऐवजी एका अँग्लो-इंडियन गृहस्थांना देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. हा प्रसंग सांगताना वक्ते आवाज चढवतात. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. राजीनामा देणारा माणूस रिकामा नव्हता. मुंबईत असतानाच त्यांनी सायकलींचा व्यवहार सुरू केलेला होता. विलायतेहून आलेल्या सायकली मुंबईत घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडे धाडायच्या, अशी दोघा भावांची पद्धत होती. किर्लोस्कर मंडळी आपल्या उद्योगाचा आरंभ 1888 पासून धरतात. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत, आणि सायकल चालवायला शिकवण्याची वेगळी फी 15 रुपये होती. लक्ष्मणरावांचा पगार 45 रुपये होता, हे आठवले म्हणजे ह्या आकड्यांचा अर्थ लागतो. सायकल ही तेव्हा श्रीमंतांची हौस होती. बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात, आणि आपल्यापैकी कित्येकजण रोज त्यावरून जातात.

हौशीच्या मालावर कारखाना उभा राहत नाही. सायकली दुरुस्त करता करता थोडी हत्यारे जमली, एक लहानसे दुकान यंत्रशाळेसारखे झाले, आणि लक्ष्मणरावांची नजर शेतकऱ्याकडे वळली. पहिली वस्तू निघाली ती कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा कडबा जनावरापुढे तसाच टाकला तर ते पाने खाते आणि निम्मे ताट पायाखाली तुडवते. बारीक कुट्टी केली तर नासाडी वाचते. यंत्र दिसायला साधे. एक जड चाक, चाकाच्या आऱ्यांवर वाकडी पाती, समोर कडबा दाबून पुढे सरकवणारे रूळ आणि एक लोखंडी तोंड. आता फटीचा विचार करा. पाते आणि तोंडाची कड ह्यांत कागद जाईल एवढीच जागा हवी. जास्त राहिली तर ताट कापले न जाता वाकून फटीत शिरते आणि चाक अडते. चाक जड का, तर एक पाते कडब्यात घुसताना जो वेग जातो तो साठवलेल्या गतीतून भरून निघावा म्हणून. पाती सरळ न ठेवता वाकडी का, तर सगळी धार एकदम न लागता कात्रीप्रमाणे टोकापासून टोकापर्यंत लागत जावी म्हणून. त्यामुळे हिसका बसत नाही आणि एका माणसाच्या हाताने काम होते. हे सगळे यंत्रशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचे गणित आहे. फरक एवढाच की ते येथे कडब्यावर सोडवायचे होते आणि उत्तर चुकले तर शेतकरी यंत्र परत आणून दारात टाकणार होता.

नंतर आला लोखंडी नांगर, आणि त्याने खरी परीक्षा पाहिली. लाकडी नांगर जमीन चिरतो, लोखंडी नांगर ती उलथतो. पण लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ह्या समजुतीला आपण आज हसतो. मी तितका हसत नाही. नांगराला एका हंगामाची पेरणी बांधलेली असते, ती फसली तर वर्षाचे धान्य जाते, आणि ज्याचे जाते त्याला सावध राहण्याचा हक्क आहे. तेव्हा लोखंड जमिनीला मानवते की नाही ह्यापेक्षा हा फाळ किती टिकेल, मोडला तर दुसरा कुठे मिळेल, आणि तो गावचा लोहार बसवू शकेल की नाही, हे प्रश्न शेतकऱ्याच्या मनात खोलवर असणार. विलायती नांगराला ह्या प्रश्नांचे उत्तर देता येत नव्हते. बेळगावात ओतलेल्या नांगराला देता येत होते, फक्त त्याचे लोखंड तितके कठीण असायला हवे होते.

ह्या कठीणपणाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण नांगराचा फाळ आणि खनिज दळणारी तबकडी ह्यांचे दुखणे एकच आहे. दोघांनाही वाळू आणि गारगोटी खाते. साधे बीड वाळूच्या साच्यात सावकाश निवले की त्यातला कार्बन काळ्या पाकळ्यांच्या रूपात सुटा होतो. असे बीड कापायला सोपे, पण लवकर झिजते. तेच बीड ओतताना साच्याची एक बाजू धातूची ठेवली, तर त्या बाजूचा थर झटकन निवतो, कार्बन सुटा व्हायला वेळ मिळत नाही, आणि थर पांढरा, काचेसारखा कठीण होतो. मागचा भाग मात्र मऊ व चिवट राहतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्समने नांगराच्या फाळासाठी ह्या गुणाचा उपयोग करून 1803 साली पेटंट घेतले होते. एका बाजूने कठीण, दुसऱ्या बाजूने मऊ असा फाळ झिजत गेला तरी त्याची धार कायम राहते. मात्र थर जाड झाला तर फाळ दगडावर आपटून काडीसारखा मोडतो, पातळ झाला तर महिन्याभरात बोथट होतो. कोळसा कसा, बीड कुठले, भट्टीची आच किती, ह्या प्रत्येकावर तो थर ठरतो. ज्या गावात ओतशाळेची परंपरा नाही त्या गावात हे जमवायचे म्हणजे पुस्तके आणि परदेशी मासिके वाचून, ओतून, मोडून, पुन्हा ओतूनच जमवायचे. लक्ष्मणरावांनी ते असेच जमवले.

धंदा जरा मार्गाला लागतो न लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने त्यांची कारखान्याची जागा मागितली. नवी वसाहत व्हायची होती. जावे कुठे? ह्या सुमारास लक्ष्मणराव औंधला एका सभागृहाच्या बांधकामाचे काम पाहत होते. औंधच्या गादीवर नुकतेच आलेले श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत. राजे स्वतः चित्रकार, लक्ष्मणराव चित्रकलेतून यंत्रांकडे आलेले, तेव्हा दोघांचे जमले ह्यात नवल नाही. राजांनी संस्थानातली हवी ती जागा निवडायला सांगितले आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले. लक्ष्मणरावांनी मिरज-पुणे रेल्वेमार्गावरील कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकरांचा माळ निवडला. निवडुंग माजलेला, पाण्याची वानवा, नागांचा सुळसुळाट. पण रेल्वे दाराशी होती. बीड आणि कोळसा आणायचा, नांगर पाठवायचे, ह्यासाठी जमीन सुपीक असण्याची गरज नव्हती, रूळ हवे होते.

10 मार्च 1910 ही किर्लोस्करवाडीची जन्मतारीख. बरोबर सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे. ह्या माणसांची नावे सांगितल्याशिवाय लक्ष्मणरावांचे चरित्र अर्धवट राहते. इंजिनांत विलक्षण गती असलेले शंभोराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शाळा अर्धवट सोडून आलेले आणि हाताने शिकून यंत्रज्ञ झालेले अनंतराव फळणीकर. गावकरी ज्यांना चोर म्हणून बाहेर ठेवीत ते तुकाराम रामोशी आणि पिराजी रामोशी येथे पहारेकरी झाले. ज्याच्यावर कोणाचा विश्वास नाही त्याच्या हाती किल्ल्या देणे हे धाडस होते, आणि ते फसले नाही. अस्पृश्यता वाडीत पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. वडील वेदान्ती आणि मुलगा बुद्धिवादी, देवधर्माच्या कर्मकांडापासून दूर राहणारा. रामूअण्णांनी वसाहतीचे पाणी, रस्ते, झाडे, घरे ह्यांत लक्ष घातले. माळावर एक गाव उभे राहिले. मोठ्या शहरात कारखाना काढून कामगारांना चाळींत कोंबायचे, हा मुंबईचा प्रकार त्यांनी पाहिलेला होता. तसे येथे होऊ द्यायचे नाही असे त्यांच्या मनात असावे, हे वाडीच्या मांडणीवरून दिसते.

1914 साली महायुद्ध सुरू झाले आणि लोखंड मिळेनासे झाले. परदेशी नांगर यायचे बंद झाल्याने गिऱ्हाईक दाराशी, आणि भट्टीत घालायला बीड नाही, अशी अवस्था. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. ही हकिगत वाचताना मला निर्मल आठवल्यावाचून राहत नाही. आमच्या गावाला किल्ला आहे, बुरूज आहेत, आणि अठराव्या शतकात निजामाच्या चाकरीतल्या फ्रेंच कारागिरांच्या देखरेखीखाली तेथे तोफा ओतल्या जात. पलीकडे गोदावरीच्या दक्षिणेस कोनासमुद्रमला जे पोलाद होई, ते घ्यायला इराणी व्यापारी येत. भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसे याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या कृतीचे वर्णन लिहून ठेवले आहे. म्हणजे धातूची विद्या आपल्या मुलखाला नवी नव्हती. तलवारीला आणि तोफेला ती पुरली. कडबा कापायला, ऊस पिळायला, शेंग फोडायला तिचा उपयोग करावा असे मात्र कोणा सरदाराला वाटले नाही, आणि गिऱ्हाईक संपल्यावर ती भट्टी विझली. वाडीच्या भट्टीला शेतकऱ्याचे गिऱ्हाईक मिळाले.

ऊस पिळण्याच्या चरकाबद्दल आता सांगतो. पूर्वी लाकडी चरक असत. 1870 नंतरच्या दशकात बिहारात बेहिया येथे थॉमसन आणि माइलन ह्या मंडळींनी बैलांनी चालणारा लोखंडी चरक केला आणि तो हिंदुस्थानभर माहीत झाला. किर्लोस्करांचे लोखंडी चरक आपल्या भागातल्या गुऱ्हाळांवर पोहोचले. तीन रुळांच्या चरकात ऊस दोनदा दाबला जातो. पहिल्या जोडीतली फट मोठी, तेथे कांडे चेपते आणि फुटते. दुसऱ्या जोडीतली फट लहान, तेथे चिपाडातला उरलेला रस निघतो. जात्यात जे मध्यापासून कडेपर्यंत होते, आधी भरड मग बारीक, तेच येथे पहिल्या जोडीपासून दुसरीपर्यंत. बैलजोडीचे बळ एक अश्वशक्तीच्या आसपास, आणि चाल अगदी मंद. त्यामुळे फट फार आवळली तर बैल ओढत नाहीत, सैल ठेवली तर रस चिपाडात राहतो आणि शेतकऱ्याचा गूळ कमी पडतो. ह्या दोन टोकांच्या मधे कुठेतरी नेमकी जागा असते. ती बेळगाव, कोल्हापूर, सातारा येथल्या उसाला, येथल्या बैलांना धरून शोधावी लागते. परदेशातून आणलेल्या यंत्राबरोबर ती येत नाही.

शेंगा फोडण्याचे यंत्र तर आणखी नाजूक. येथे मोडायचे ते टरफल, आतला दाणा अखंड राहिला पाहिजे. खाली जाळी, वर हेलकावणारा दांडा, मधे फट. ती एका जातीच्या शेंगेला बरोबर बसली तर दुसऱ्या जातीचा दाणा चिरतो, म्हणून ती बदलता यावी लागते. खनिज दळणाऱ्याला दाणा मोडल्याची फिकीर नसते, उलट त्याला मोडायचेच असते. तेव्हा एकाच तत्त्वावर दोन विरुद्ध कामे कशी होतात हे पाहायचे असेल तर शेंगेचे यंत्र आणि तबकड्यांची गिरणी शेजारी शेजारी ठेवावीत. मी परीक्षेत असा प्रश्न काढतो, आणि शेतकऱ्यांची मुले त्याचे उत्तर इतरांपेक्षा चांगले लिहितात.

एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. फटीच्या यंत्रांत माणसाचा हात जातो. कडबाकुट्टीच्या रुळांत, चरकाच्या जोडीत, गिरणीच्या तोंडात. बोटे गेलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या गावात आहेत. बैलाच्या चालीवर चालणाऱ्या चरकातून हात ओढून घ्यायला क्षणभर तरी मिळतो, मोटर लागली की तोही मिळत नाही. यंत्राला वेग देणे सोपे, पण वेगाबरोबर तोंडावर झाकण, लांब घसरण आणि चटकन सुटणारा पट्टा देणे हे आरेखन करणाऱ्याचे काम आहे. गिऱ्हाईक ते मागत नाही, कारण त्याने किंमत वाढते, आणि म्हणूनच ते कागदावर आधीच काढलेले असावे लागते. दगड भरडणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत बोटांबरोबर छातीचाही प्रश्न येतो. गारगोटीची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की फुप्फुसे कायमची निकामी होतात. लक्ष्मणरावांच्या चरित्राला हे जोडून का लिहितो, असे कोणी विचारील. ज्या माणसाने नांगर विकताना शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न ओळखला, त्याच्या मागून येणाऱ्यांनी यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्याचा प्रश्न ओळखावा, इतकीच माझी अपेक्षा आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. कारखान्याच्या बातमीपत्रातून मराठीतले एक मोठे मासिक निर्माण झाले आणि त्याला 1930 साली स्त्री आणि 1934 साली मनोहर ही भावंडे मिळाली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे शिकून 1926 साली परतले. हातपंप, लोखंडी फर्निचर, तेलावर चालणारी इंजिने अशी वाढ होत गेली. अखिल भारतीय चरखा संघाने 1929 साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा वाडीतही एक चरखा तयार झाला. तो परीक्षेला उतरवला गेला, पण अटींत पूर्णपणे न बसल्याने पारितोषिक मिळाले नाही. 1941 साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ तयार करण्याचा कारखाना निघाला, आणि 1946 साली पुण्यात तेल-इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटरींचा.

ह्या शेवटच्या गावांकडे आपल्या मासिकाच्या वाचकांनी लक्ष द्यावे. मराठी विभागात लक्ष्मणरावांवर लेख येतो तेव्हा ते मराठी माणसाने धंदा करून दाखवल्याचे उदाहरण होतात. कन्नड विभागात लिहिणाऱ्यालाही ते तितकेच आपले म्हणता येतील. गुर्लहोसूर कानडी मुलखातले, पहिले दुकान बेळगावचे, पुढचे कारखाने हरिहर आणि बंगळूरचे. त्यांचा नांगर ज्या काळ्या मातीत चालला ती सांगलीपासून धारवाडपर्यंत एकच आहे. निर्मलसारख्या गावात वाढलेल्या मला ह्या वादाचे फारसे अप्रूप नाही. तेथे घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत जुने लोक उर्दू बोलत, आणि यंत्र बिघडले की ज्याला दुरुस्त करता येते त्याची भाषा कोणी विचारीत नसे.

देश स्वतंत्र झाल्यावर औंध संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले. लक्ष्मणरावांनी तोवर कारभार पुढच्या पिढीच्या हाती दिलेला होता. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, 20 जून 1969 रोजी, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे आणि तेथे पंप तयार होतात. कुंडल रोड ह्या नावाने ज्या स्टेशनावर पंचवीस कुटुंबे उतरली, त्या स्टेशनाच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.